छत्री कोणाची?

पत्र: ताई, मी सांगलीजवळच्या गावात राहते. वय ३६. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली, तेव्हापासून घरून पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते. माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. तीन वर्षं एक कादंबरी लिहितेय, पण पहिल्या प्रकरणापुढे सरकत नाही. ते प्रकरण एकोणीस वेळा लिहून झालं. वाक्य उतरलं रे उतरलं की मी ते दुरुस्त करायला घेते. दुसऱ्यांच्या संहितांवर मात्र हात भराभर चालतो. सध्या नणंदेच्या सासऱ्यांच्या मित्राची कादंबरी हातात आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका आहेत. निम्म्याहून जास्त मीच नव्यानं लिहिलीय, अजून त्यांना पाठवलेली नाही. पैशांचं विचारलं तर म्हणाले, ‘तुम्ही घरच्याच. देऊ की मानधन.’ सोबत दोन पानं पाठवतेय, त्यांचं मूळ आणि माझं काम. संपादनामुळे माझं लेखन मरतंय का? हे काम सोडून देऊ का? आणि घरच्या माणसाकडे पैसे मागायचे तरी कसे? – अर्धवट

प्रिय अर्धवट,

पत्र बाजूला ठेवून मी आधी तुमची दोन पानं वाचली. माझी सुरुवात खिळ्यांच्या छापखान्यातली, ओली गॅली प्रूफं आणि शाईची बोटं. त्यामुळे समोर छापील कागद आला की माणसाकडे लक्ष नंतर जातं. घरच्यांनी याबद्दल बरंच ऐकवलंय.

पहिल्या पानावर काकांनी लिहिलंय: ‘वडिलांच्या आठवणीने माधवच्या डोळ्यांत अश्रू तरळले. त्याचे मन गलबलून आले. तो पार कोसळला.’ तुम्ही तिन्ही वाक्यं उडवलीत आणि त्या जागी लिहिलंत: ‘माधवनं खुंटीवरची छत्री काढली. उघडली. एक काडी निखळून लोंबत होती. वडील ती काडी बोटानं धरून पावसात चालायचे. त्यानं छत्री मिटली आणि परत खुंटीला लावली.’

सुरेख आहे. निखळलेली काडी बोटानं धरून चालणारा माणूस मला लगेच दिसला, त्याची ओली बाहीसुद्धा दिसली. पण अर्धवट, ही छत्री कोणाची?

काकांची नाही. ‘मूळ मजकुरात छत्री नाही, मी घातली’ असं तुम्हीच समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. मग ती आली कुठून? माझा अंदाज असा की ती तुमच्या घरातली आहे. तुमच्या वडिलांची असेल, आजोबांची असेल, शेजारच्या कुणाची असेल. तुम्ही कधीतरी पाहिली, लक्षात ठेवली, आणि ती तुमच्या कादंबरीत जायच्या ऐवजी नणंदेच्या सासऱ्यांच्या मित्राच्या कादंबरीत जाऊन खुंटीला लटकली. असं चार वर्षं चाललंय. या चार वर्षांत किती छत्र्या, किती काड्या, किती खुंट्या गेल्या असतील याचा हिशोब तुम्ही कधी केलाय का?

संपादनामुळे लेखन मरतंय का, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही संपादन करतच नाही आहात. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं लिहिताय, तीही फुकटात, आणि रात्री स्वतःच्या वहीपुढे बसल्यावर घागर रिकामी कशी म्हणून चकित होताय.

आता तुमच्या दुसऱ्या पानाकडे येते. सातव्या प्रकरणातलं. रात्री पाण्याची पाळी येते ते पान. (चारी म्हणजे रानात पाणी आणणारा छोटा पाट, आणि दारे धरणं म्हणजे ते पाणी वाफ्यावाफ्यांत वळवत राहणं.) काकांचा मजकूर असा: ‘पाळी रात्री दोनला आमच्याकडे आली. वडील चारीवर कंदील ठेवून बसले होते. वरच्या रानवाल्याने चारी नीट बांधली नव्हती, निम्मे पाणी तिकडेच जात होते. वडील काही बोलले नाहीत. चिखलात हात घालून त्यांनी बांध घातला आणि हात न धुता पहाटेपर्यंत दारे धरली.’

या पानावर तुमची एकही खूण नाही. मला वाटतं तुम्हाला पाटपाण्यातलं फारसं कळत नसल्यामुळे तुम्ही हात लावायला बिचकलात. नशीब! या दोन पानांतलं सगळ्यात चांगलं लेखन ते आहे. तुमच्या छत्रीपेक्षाही चांगलं, रागावू नका. भांडण न करता चिखलात हात घालणारा बाप तिथे उभा आहे. ज्या माणसानं हे लिहिलं त्याला लिहिता येतं. फक्त दुःखाचा प्रसंग आला की तो घाबरतो आणि मालिकेतली वाक्यं उसनी आणतो. बहुतेक नवे लेखक असंच करतात. जिथे त्यांना खरं माहीत असतं तिथे ते साधं लिहितात, आणि जिथे ‘साहित्यिक’ लिहायला हवं असं वाटतं तिथे अश्रू तरळतात.

मग अशा वेळी संपादकानं करायचं काय? समासात प्रश्न लिहायचा. एवढंच. ‘काका, वडील गेल्यावर त्यांची अशी कुठली वस्तू घरात राहिली जिला कुणी हात लावत नव्हतं?’ आणि पुढच्या पानावर जायचं.

हे मला एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी शिकवलं. त्यांच्या आत्मकथनात असाच अश्रूंचा परिच्छेद होता. मी तेव्हा तुमच्यासारखीच होते, हात शिवशिवायचे. पण त्या आठवड्यात दुसऱ्या पुस्तकाची प्रूफं अंगावर होती म्हणून निव्वळ वेळ नाही या कारणानं मी समासात प्रश्न टाकून फाइल परत पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं. वडिलांची पानतंबाखूची चंची होती. ते गेल्यावर चुन्याच्या डबीतला चुना वाळायला लागला. आई दर चार दिवसांनी त्यात दोन थेंब पाणी घालायची. चुना ओला राहायला हवा म्हणून. दीड वर्षं घालत होती. घरात चुना खाणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी ते वाचून बराच वेळ गप्प बसले. जन्मभर डोकं आपटलं असतं तरी हे मला सुचलं नसतं. मी तिथे छत्री घातली असती, फार तर चष्मा घातला असता. चष्मा तर सगळेच घालतात.

आपल्याकडे संपादनाला ‘संपादकीय संस्कार’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द कधी आवडला नाही, लेखकाची मुंज लावल्यासारखं वाटतं. पण ज्यांच्यामुळे तो शब्द रुळला त्या माणसांची कामाची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवताना सोबत पत्र लिहायचे. हे पात्र इथे असं का वागतं, हा शेवट आधीच्या पानांतून आलाय का, असं विचारायचे. पुनर्लेखन लेखकानं करायचं, दोनदा, तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा. मासिक १९८२ साली बंद पडलं, तरी त्या पत्रांबद्दल लेखक अजून बोलतात. दुसरी बाजूही सांगते. याच मासिकाच्या अंकाची १९६९ साली अनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःची छोटी, बंडखोर मासिकं काढणाऱ्यांच्या, चळवळीतल्या तरुण लेखकांनी होळी केली होती. त्यांच्या रागाची कारणं बरीच होती, पण त्यातलं एक अभिरुचीचं होतं, की हे लोक सगळ्या मराठीला एकाच चवीचं करताहेत. इतकी हळुवार, प्रश्न विचारणारी माणसं, तरी त्यांच्यावर हा आरोप आला. आपण तर थेट वाक्यंच बदलतोय.

चव एकसारखी करण्याचं पाप मी स्वतः केलंय. कोल्हापूरकडच्या एका लेखिकेचा कथासंग्रह होता. त्यात ‘माळवं’ हा शब्द पानापानावर. मी पुण्यातली. मला वाटलं, वाचकाला अडेल, म्हणून ‘शोधा आणि बदला’ लावून सगळीकडे ‘भाजी’ करून टाकलं. लेखिकेचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाल्या, ‘ताई, माळवं रानात असतंय, पाटीत असतंय, बाजारात जातंय. भाजी चुलीवर असती. माझी बाई सकाळी माळवं विकती आणि संध्याकाळी तिच्या घरात भाजी नसती. आता तुमच्या पुस्तकात ती भाजी विकती आणि भाजी नसती म्हणून रडती. वाचणारा म्हणंल, येडी हाय का ही?’

आख्खी कथा त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत होती आणि मी ती फट लिंपून टाकली होती. वर फजिती अशी की संगणकानं ‘माळवं’ बदललं, पण ‘माळव्याची पाटी’, ‘माळव्याला गिऱ्हाईक’ तसंच राहिलं, कारण सामान्यरूप त्याला कुठे कळतंय. एकाच परिच्छेदात बाई माळव्याची पाटी घेऊन निघायची आणि बाजारात भाजी विकायची. ते सगळं हातानं निस्तरायला मला दोन दिवस लागले. त्याचे पैसे अर्थातच मी मागितले नाहीत.

साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली आले, पुढे १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. ते नियम तुम्हाला पाठ असायलाच हवेत, आपलं पोट त्यावर आहे. पण ते निवेदनाला लावा. पात्राच्या तोंडाला फडकं बांधू नका.

म्हणजे संपादकानं फक्त प्रश्नच विचारायचे आणि हात बांधून बसायचं, असं नाही. आपल्या हक्काचं काम भरपूर आहे आणि त्यात मजाही आहे. एका हस्तलिखितात लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात टिपूर चांदणं पडलं होतं. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. चंद्र आणणार कुठून? लेखक, त्यांची बायको आणि टंकलेखन करणारा मुलगा, तिघांनीही ते वाचलं होतं. चांदणं इतकं छान उतरलं होतं की कुणाचं पंचांगाकडे लक्षच गेलं नाही. दुसऱ्या एका कादंबरीत १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आलेली बाई पाण्याची प्लास्टिकची बाटली विकत घेते. सुकडी होती, मिलो होता, दुष्काळातल्या खाण्याचा सगळा तपशील बरोबर होता, आणि मधेच ती बाटली. असल्या गोष्टी पकडणं आपलं काम. आत्याचं नाव तिसऱ्या प्रकरणात शकू आणि अकराव्यात शालू कसं झालं, हे विचारणं आपलं काम. निवेदक ‘केलं’ म्हणणार की ‘केले’, हे लेखकाशी बोलून एकदाच ठरवायचं आणि तीनशे पानं तसंच राहील हे बघायचं. पात्रांची वही करायची: नाव, वय, गाव, कोण कुणाला काय हाक मारतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ते शोधत बसायचं. कंटाळवाणं आहे खरं. पण हे करताना तुमच्या कोठारातलं काही खर्च होत नाही, आणि संध्याकाळी तुमची छत्री तुमच्याकडेच असते.

मधल्या मध्ये एक सांगून टाकते. ‘दाखवा, सांगू नका’ हे कार्यशाळेतलं वाक्य तुम्ही काकांच्या पानावर तीनदा लिहिलंय. ते पुसा. आपल्या आज्या गोष्ट सांगायच्या तेव्हा सरळ सांगायच्या, ‘तो फार दुष्ट होता बरं का,’ आणि आपण थरथरायचो. सांगण्यात काही पाप नाही. ‘मन गलबलून आले’ हे वाईट आहे ते सांगितलंय म्हणून नव्हे, हजार जणांनी तेच शब्द वापरून गुळगुळीत केलेत म्हणून.

आता तुमचं एकोणीस वेळा लिहिलेलं प्रकरण.

ते प्रकरण बंद करा आणि विसाव्यांदा उघडू नका. आत्ता नाही, कादंबरी संपेपर्यंत नाही. कादंबरीचं पहिलं प्रकरण शेवटी लिहायचं असतं, असं बऱ्याच जणांच्या अनुभवाला येतं, माझ्याही येतं. ती कशाबद्दल आहे हे शेवट गाठेपर्यंत आपल्यालाच ठाऊक नसतं. तुम्ही दार रंगवत बसलायत आणि आत घर बांधलेलंच नाही.

वाक्य उतरलं की दुरुस्त करायची जी खोड लागलीय ती डोळ्यांची आहे. हे आपल्या धंद्यातलं दुखणं. हॉटेलच्या मेनूवर ‘बटाटा वडा’ तोडून लिहिलेला दिसला की आपला घास अडतो. या डोळ्यांना विनवण्या करून काही होत नाही, त्यांना फसवावं लागतं. मी काय करते ते सांगते. सकाळी दुसऱ्या कुणाची फाइल उघडायच्या आधी लिहिते. एकदा दुसऱ्याचा ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांपुढे आला की तो दिवस संपादकाचा. संगणकावर लिहीत नाही, पाठकोऱ्या कागदांवर लिहिते. आपल्याकडे प्रूफांचे ढीग असतातच. कागदाच्या एका बाजूला कुणाची तरी रद्द झालेली प्रूफं असली की दुसऱ्या बाजूला वाईट लिहायला भीती वाटत नाही. तो कागद तसाही रद्दीतच जायचा होता. बॉलपेन निळं किंवा काळं. लाल पेन दुसऱ्या खोलीत. आणि काल लिहिलेलं वाचत नाही. शेवटचं वाक्य अर्धं सोडून उठते, दुसऱ्या दिवशी ते पुरं करायचं म्हणून बसता येतं. तुमचं टोपणनाव पाहून वाटलं, ही युक्ती तुम्हाला मानवेल.

दीडेकशे पाठकोरे कागद जमले की मग पात्रांची वही करा, मग चंद्र बघा, मग लाल पेन आणा. आणि शेवटी ती संहिता दुसऱ्या संपादकाला द्या. पैसे देऊन द्या. आपलं प्रूफ आपण वाचू नये, हे छापखान्यात शिकवतात. चूक असते तिथे आपल्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं. दुसऱ्याला पैसे देताना आपलं काम किती मोलाचं आहे हे जरा समजतंही, याचा उपयोग पुढच्या प्रश्नाला होईल.

काम सोडू नका. निदान या कारणासाठी नको. मात्र वर्षाचं गणित मांडा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत अंकांची आणि पुस्तकांची घाई असते, सगळ्यांना सगळं कालच हवं असतं. ही १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपल्या लोकांची हौस आहे, ती तुमच्या-माझ्यानं बदलत नाही. त्या दिवसांत कादंबरी होणार नाही हे धरूनच चाला. उन्हाळ्यात कामं मंदावतात. तेव्हा पैसे नाहीत म्हणून रडत बसण्यापेक्षा घाईच्या महिन्यांतली शिल्लक त्या दिवसांवर लावा आणि एप्रिल-मे कादंबरीला द्या.

शिल्लक राहायला आधी पैसे यायला हवेत, म्हणून काकांकडे वळू.

‘मानधन’ हा शब्द तुमच्या तोंडून बंद करा. त्यातला मान ताबडतोब मिळतो, धन पुढच्या दिवाळीला. ‘फी’ म्हणा, ‘बिल’ म्हणा. बिल म्हटलं की समोरचा माणूस चष्मा लावतो.

किती, हे ठरवायचं असेल तर पानांवर जाऊ नका. चौदाच्या टाइपातलं पान आणि अठराच्या टाइपातलं पान यांत जमीन-अस्मानाचा फरक. शब्द मोजा. कुठल्याही संहितेची मधली दहा पानं घ्या, सुरुवातीची नको, सुरुवात लेखकानं घासूनपुसून ठेवलेली असते. ती घड्याळ लावून करा. समजा तासाला दीड हजार शब्द झाले. साठ हजार शब्दांची कादंबरी असेल तर एका हातासाठी, म्हणजे एकदा सगळ्या संहितेवरून हात फिरवायला, चाळीस तास. त्याआधी नुसतं वाचायला सात-आठ तास. लेखकाच्या उत्तरांनंतर दुसरा हात, पंधरा तास. आणि फोन. काका रोज फोन करणार, ‘कुठवर आलंय?’ त्याचेही सात-आठ तास धरा, मी गंमत करत नाही. सत्तर तास झाले. रोज चार तास बसलात तर अठरा दिवस. आता स्वतःला विचारा, अठरा दिवसांचे तुम्हाला किती मिळायला हवेत. तो आकडा शब्दांनी भागा. तुमचा दर तयार. माझा दर मी मुद्दाम सांगत नाही. पुण्याचा दर सांगलीला लावून उपयोग नाही, आणि तुमचं काम बघता तुमचा माझ्यापेक्षा जास्तही असू शकतो.

दर सांगताना काम कुठलं तेही लिहून द्या. मुद्रितशोधन वेगळं, भाषेचं संपादन वेगळं, प्रकरणांची मांडणी आणि पात्रं बघणं वेगळं. ‘जरा ऱ्हस्व-दीर्घ बघा’ म्हणून आलेला माणूस मनात ‘कादंबरी उभी करून द्या’ धरून आलेला असतो. एक तृतीयांश रक्कम काम सुरू करण्याआधी, एक तृतीयांश निम्म्यावर, उरलेली अंतिम फाइल देण्याआधी. देण्याआधी, दिल्यावर नाही. किती वेळा हात फिरवणार तेही लिहा, मी दोनदा म्हणते. करारनामा वगैरे जड वाटत असेल तर साधा ईमेल करा आणि ‘मान्य’ असं उत्तर मागून घ्या. प्रकाशकाकडून काम आलं आणि त्यांनी टीडीएस कापला तर ते पैसे बुडाले समजू नका, विवरणपत्र भरताना ते हिशोबात येतात. माझे पहिल्या काही वर्षांचे तसेच गेले, निव्वळ आळसानं.

राहता राहिले ‘घरचे’. नात्यातल्या माणसाकडे पैसे मागताना आपण चेहरा पाडून मागतो, तिथेच हरतो. लग्नाच्या आचाऱ्याला कुणी ‘तुम्ही घरचेच’ म्हणत नाही. काकांना आज असं काहीतरी लिहा:

‘काका, नमस्कार. संहिता पूर्ण वाचली. सातव्या प्रकरणातली रात्रीची पाळी फार आवडली, सगळी कादंबरी त्या पानासारखी व्हावी असं वाटतं आणि ते तुम्हाला जमेल. मी समासात प्रश्न लिहिले आहेत. त्यांची उत्तरं तुमच्या भाषेत, चारी-पाळीच्या भाषेत लिहा, घाई नको. माझ्या कामाचं स्वरूप आणि फी खाली दिली आहे. पहिला हप्ता मिळाला की पुढचं काम सुरू करते.’

हे पाठवायच्या आधी तुम्ही नव्यानं लिहिलेली फाइल बाजूला काढा. ती काकांना दाखवू नका. त्यांच्या मूळ मजकुरावर फक्त प्रश्न घालून नवी फाइल करा. पहिल्या वेळी जड जाईल. इतकं छान लिहिलेलं काढायचं म्हणजे जिवावर येतं, मला ठाऊक आहे. काही लेखकांना हा बदल आवडणार नाही, त्यांना आयतं हवं असतं. एखादं काम हातचं जाईल. काका त्यातले असतील असं मला वाटत नाही. चारी बांधणाऱ्या बापाचा मुलगा आहे तो, आणि खात्यात असताना प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक करत आलेला माणूस. फीचा कागद त्यांना तुम्हाला वाटतो तेवढा खटकणार नाही.

काढलेली पानं फेकू नका. त्यात तुमचं जे जे आहे ते एका पाकिटात घाला. छत्री सगळ्यात वर.

ता. क. पुस्तकात तुमचं नाव छापायचं का, हे तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात विचारलंय. छापायचं. ‘संपादन’ म्हणून, आतल्या पानावर, आणि तेही ईमेलमध्ये आधीच लिहून घ्यायचं. पण मजकुराचा हक्क काकांचाच, आपण कितीही घासलं तरी. उद्या तुमची स्वतःची कादंबरी प्रकाशकाकडे जाईल तेव्हा हे उलट्या बाजूनं लक्षात ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. मुदतीची ओळ कोरी सोडून कुणी कागद पुढे केला तर सही करण्याआधी मला पत्र टाका. आणि काकांच्या घरी कुठली वस्तू निघाली तेही कळवा.